छत्रीमहाराजांचा चेंडू

हातातून निसटलेलं झाकण फरशीवर खणखणलं आणि नुकताच डोळा लागलेली चिमणी टक्क जागी झाली. "झालं!" म्हणत तिच्या आईनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात सासूबाई दारात.

"अगं, चल लवकर! खाली सोसायटीच्या हॉलमध्ये छत्रीमहाराज भूछत्रातून रबर काढताहेत. आपल्या चिमणीला चालेल असं!"

चिमणीला रबराची ॲलर्जी. गेल्या वाढदिवशी फुगा गालाला लागला, ओठ सुजले, श्वास कोंडला. थेट दवाखाना गाठावा लागला. तेव्हापासून तिची आई प्रयोगशाळेत बुरशीपासून रबर करायच्या खटपटीत होती. घरात तिचं नावच पडलं होतं, बुरशीबाई.

हॉल खचाखच भरलेला. महाराजांनी भूछत्र चिरलं. पांढरा चीक चिनीमातीच्या खोलगट वाडग्यात ठिबकला.

"हा भूछत्राचा नव्हे, आमच्या तपाचा चीक!"

डोळे मिटून पुटपुटणं झालं, मंतरलेलं पाणी पडलं, ढवळाढवळ झाली, आणि बाहेर आलेला गोळा जमिनीवर आपटताच टण्णकन उडाला. टाळ्यांचा कडकडाट!

"घे बाळ."

चिमणीनं हात पुढे केला. आईनं तो झटकन मागे ओढला. नाकाला झोंबणारा तो वास तिच्या रोजच्या ओळखीचा होता. अमोनिया!

"महाराज, आता रिकाम्या भांड्यात करून दाखवा."

"शंका घेतली की सिद्धी रुसते, बाई."

"रुसू दे. मी काढीन समजूत."

हशा पिकला. "शोभतं का हे?" सासूबाई कुजबुजल्या, पण घरच्या स्वयंपाकघरातून वाटी त्यांनीच आणून दिली.

उरलेली सगळी भूछत्रं पिळून जेमतेम चमचाभर चीक निघाला. मंतरलेलं पाणी घातलं. झाला नुसता चिकट लगदा. आपटला, तर जमिनीलाच चिकटून बसला.

"यात रबराचा अंश असतो, खोटं नाही," ती म्हणाली. "पण त्याच्या रेणूंच्या साखळ्या आखूड, ताण सोसत नाहीत. महाराजांच्या वाडग्यात आधीपासूनच रबराच्या झाडाचा चीक होता. तो पातळ राहावा म्हणून त्यात अमोनिया घालतात. आणि मंतरलेलं पाणी म्हणजे व्हिनेगर, चीक गोठवायला. हा चेंडू हिच्या हातात पडला असता तर..."

सासूबाईंनी नातीला घट्ट जवळ ओढलं. महाराजांनी गाशा गुंडाळायला घेतला.

"मंडळी, टाळ्या खुशाल वाजवा," ती म्हणाली, "पण लेकराच्या हातात काही देण्याआधी वाडग्यात एकदा डोकावत चला."

जिना चढताना चिमणीनं विचारलं, "आई, त्यांचं खोटं होतं ना? मग तुझं खरं कधी उडणार?"