पहिली ओळ भूकंपाची

क्षमा करणाऱ्याच्या दारात देव स्वतः उभा राहतो, असं बुवा कीर्तनात सांगतात आणि माझे डोळे भरून येतात. पण त्या उन्हाळ्यात रेणुकाला हे सांगायची माझी छाती झाली नाही.

लातुरात माझं झेरॉक्सचं दुकान. त्यातल्या निम्म्या जागेत रेणुका बसते आणि बिल्डर लोकांच्या वेबसाइटी बनवते. गिऱ्हाइकाला आधी त्याच्या चुका सांगायच्या, मगच कामाला हात लावायचा, ही तिची रीत. "शेठ, एकच मजकूर दहा पानांवर चिकटवू नका. तुम्हाला आवडतं ते न्हाई, लोक शोधतात ते लिहा." शेठ वैतागत, पण पुढं पेढे घेऊनही येत.

एप्रिलात तिची बहीण हदगावहून लेकीला, पंचशीलाला, डॉक्टरकीच्या क्लाससाठी घेऊन आली. चन्नबसप्पा अप्पांचं मुलींसाठी वसतिगृह आहे, तिथं अप्पांनी खोली दाखवली, खिडकीजवळची खाट ठरलीही. मग अप्पांनी आडनाव विचारलं. ऐकलं आणि म्हणाले, "अरेच्चा, ही खोली तर गेलेली हाय की." पोरगी बॅग उचलून पायऱ्या उतरली. दुकानात येऊन रडली नाही, पुस्तक उघडून बसली. रेणुकानं मात्र त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही.

आणि काही दिवसांनी तेच अप्पा आमच्या दारात! कामाला माणूस लावताना ते आडनाव विचारत नसत, त्यामुळं ही कुणाची कोण, त्यांना काय ठाऊक?

"रेणुकाताई, सीझन तोंडावर आलाय. गुगलात पयला नंबर पायजे."

"काय लिहू, अप्पा?"

"भूकंपरोधक! किल्लारी झाली तवापासून लातुरात माणूस आधी तेच इचारतंय. पयल्या ओळीपासून भूकंप टाक, परतेक ओळीत टाक. अन् तेच पान हदगावच्या नावानं, अहमदपूरच्या नावानं, उदगीरच्या नावानं."

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. आजची आई मोबाइलात शोधते ते क्लास किती लांब, मेस कशी, एवढंच. हे मला तिनंच शिकवलेलं.

"तुमी म्हणाल तसं, अप्पा," ती गोड हसून म्हणाली.

ते गेल्यावर मी म्हणालो, "बाई, चूक सांगितली न्हाईस?"

"इचारली कुठं त्यांनी?"

"पाप हाय हे."

"काका, चुका त्यांच्या. मी निस्ती टाइप करून राहिले."

पानं तयार झाली. वर वसतिगृहाचा मोठा फोटो, खाली ठळक अक्षरांत 'लातूर भूकंप, लातूर भूकंपरोधक खोल्या'. पुढच्या पानावर लातूर काढून हदगाव. बाकी काना-मात्रा तीच. जुन्या मुली राहत होत्या, पण नव्यांचा एक फोन येईना. अप्पा चकरा मारत, रेणुका चहा पाजून परत लावी.

जूनमध्ये एका संध्याकाळी जमीन थरथरली. मांडणीवरची भांडी वाजली, एवढंच. पण ज्यांनी त्र्याण्णव बघितलंय त्यांना तेवढं पुरतं. लातूरचा माणूस 'लातूर भूकंप' शोधू लागला, हदगावचा 'हदगाव भूकंप'. दोन्हीकडं सगळ्यात वर अप्पांचं पान! आत काय लिहिलंय ते कोण वाचतो? नाव भूकंपाचं, फोटो वसतिगृहाचा. तोच, 'हे वसतिगृह हादरलं' म्हणून, गावोगावच्या ग्रुपवर फिरला.

सकाळी वसतिगृहासमोर जीपा आणि ऑटोंची रांग लागली. गाद्या, बादल्या, पुस्तकांची खोकी जिन्यावरून खाली येत होती. अप्पा दारात हात जोडून उभे. "अहो, भिंतीला चीर बी न्हाई!"

नातीची गादी डोक्यावर घेतलेले एक आजोबा म्हणाले, "मग भूकंपात फोटो कशाला दिलास? देखणा हायस म्हणून?"

तिथून अप्पा तडक आमच्याकडं आले. "पूस ते पान!"

"पुसलं. लोकांच्या मोबाइलातलं मला कसं पुसता येईल?"

"एवढी शाणी तू, मला आधी का न्हाई सांगितलंस?"

रेणुकानं खुर्ची त्यांच्याकडं वळवली. "एप्रिलात हदगावच्या पोरीला खोली दाखवली अन् आडनाव ऐकून दारातनं परत लावली. ती माझ्या बहिणीची लेक."

अप्पा माझ्या स्टुलावर बसले. उपरण्यानं घाम पुसून म्हणाले, "आता पाठव तिला. पायजे ती खोली देतो."

"सगळ्याच रिकाम्या झाल्या म्हणून?"

अप्पा उठले. पायरी उतरून चालते झाले.

मी हळूच म्हणालो, "झालं न्हवं, बाई? आता तरी मन निवलं असंल."

"न्हाई, काका." तिनं फोन उचलला. अप्पांच्या समोरच सिद्धम्मांचं छोटं वसतिगृह आहे. पंचशीला तिथंच राहते. "सिद्धम्मा, आज तुमच्या पानावर एवढंच टाकू. सामान घेऊन थेट या, खोली तयार हाय, क्लास गल्लीच्या टोकाला. हाव, खरं तेवढंच. अन् ह्याचाच एक बोर्ड करून घ्या. अप्पांना गॅलरीतनं रोज वाचता येईल एवढा मोठा."