बाह्या वर करा

"पडला म्हणत्यात. पडल्यावर बिजागरी अशी तुटतीया व्हय?"

शाहूपुरीतल्या दुरुस्तीच्या दुकानात उमर माझ्यावर ओणवा होऊन पुटपुटत होता. त्याच्या श्वासानं माझा पडदा धुरकट होत होता. समोर प्रेरणा उभी होती, ओढणी गालावर ओढून. उमरनं एकदा माझ्या चिरेकडं पाहिलं, एकदा त्या ओढणीकडं, आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. "संध्याकाळी न्या, वहिनी," एवढंच म्हणाला.

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही; स्वतःचा जन्म कुणालाच आठवत नाही. खोक्यातून बाहेर आलो तो कोडोलीच्या एका लग्नघरात. बसलिंगाप्पांनी आपल्या लेकीला, म्हणजे प्रेरणाला, फ्रिजऐवजी मला दिलं होतं. "शिकल्याली पोरगी हाय, कामाला यील की," म्हणाले. जावई संगमेश चारचौघांत हसला. घरी आल्यावर म्हणाला, "फ्रिजात निदान दूध तरी ऱ्हायलं असतं."

मी मात्र कामाला आलो. प्रेरणाला एका ऑफिसात नोकरी लागली. लांबच्या देशात दोन कंपन्या कोर्टात भांडायला लागल्या, की त्यांच्या ईमेल, मेसेज, फायलींचे ढीग इकडं येतात. त्यातून खटल्याच्या कामाचं तेवढं शोधून वकिलांपुढं ठेवायचं. कुणी कुणाला काय लिहिलं, कुणी काय लपवलं, सगळं. "प्रेरणाच्या नजरेतून काही सुटत नाही," असं तिचे साहेब म्हणायचे, तेव्हा मला वाटायचं, यात थोडं कौतुक माझंही आहे.

या कामाची एक मोठी परीक्षा असते. ती पास झाली, की कंपनी तिला पुण्याच्या शाखेत घेणार होती. त्या सर्टिफिकेटच्या जोरावर प्रेरणा या घरातून बाहेर पडणार होती. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं, कारण पुण्यातल्या भाड्याच्या खोल्यांचे फोटो ती माझ्यावरच बघायची.

त्या अभ्यासातला पहिला धडा मलाही पाठ झाला. भांडणाची नुसती चाहूल लागली, तरी कुणी काही पुसायचं नाही. जे जसं आहे, ते तसंच राहू द्यायचं.

आमच्या घरात मात्र सगळ्यात आधी फरशी पुसली जायची.

संगमेश मारायचा. ती माझ्यापुढं वाचत बसलेली दिसली, की त्याच्या डोक्यात तिडीक जायची. केस धरून तिचं डोकं कपाटावर आपटायचा. कपाटाच्या दाराला त्या जागी पोचा आलाय. एकदा पोटात लाथ बसली आणि ती माझ्या वायरीसकट खाली आली. तिच्या तोंडातलं रक्त माझ्या बटणांवर उडालं. पलीकडून शेजारच्या मेहमुदाभाभी विचारायच्या, "काय पडलं ओ?" आणि सासू, मल्लव्वा, फडकं पिळत सांगायची, "पातेलं." त्या घरात इतकी पातेली पडली, की एखाद्या भांड्यांच्या दुकानात तेवढी निघायची नाहीत. बसलिंगाप्पा एकदा येऊन गेले. लेकीचा फुटलेला ओठ त्यांनी बघितला आणि चहा संपेपर्यंत उसाच्या तोडीबद्दल बोलले.

मला भिंतीवर फेकलं तेही असंच एकदा. मी "पडलो", असं ठरलं. प्रेरणाही पडतच असायची.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती उजळणी करत होती. संगमेश आला आणि माझं झाकण त्यानं तिच्या बोटांवर आपटलं. परत उघडून परत आपटलं. मित्रांनो, हात त्याचा होता, पण वजन माझं होतं. ते काही केल्या विसरता येत नाही. मग त्यानं माझ्याच चार्जरची वायर उपसली, दुहेरी केली आणि तिच्या हातांवर फटके ओढले.

"लई शानी झालीस व्हय? लिही आता. लिही की."

मल्लव्वा दारात उभी होती. "आरं, बास की रं," हळूच म्हणाली, आणि फडकं आणायला गेली.

सकाळी संगमेश आपलं दुकान उघडायला गेला. प्रेरणानं भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा कुडता घातला. परीक्षा घरूनच, माझ्या कॅमेऱ्यासमोर द्यायची होती. दूरच्या कुठल्यातरी शहरातून एक बाई नजर ठेवणार होत्या. नियम कडक. खोलीत दुसरं कुणी नको, अंगावर काही लिहिलेलं नको; शंका आली की परीक्षा रद्द.

"मॅडम, पूरा कमरा दिखाइए."

प्रेरणानं मला सुजलेल्या हातांत धरून खोलीभर फिरवलं. पोचा आलेलं कपाट दिसलं. उंबऱ्यात बसलेली मल्लव्वा दिसली.

"आत कोन येऊ ने म्हनून बसलोय मी," ती म्हणाली.

"ये भी बाहर जाएँगी."

"अव्वा, जावा तुम्ही," प्रेरणा म्हणाली. म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली.

"बाह्या वर करा," बाईंनी पाठ केलेलं मराठी वाक्य म्हटलं.

प्रेरणा थांबली. मग एकेक घडी घालत तिनं बाह्या वर केल्या. मनगटापासून कोपरापर्यंत निळ्याकाळ्या ओळी होत्या.

"ये क्या लिखा है हाथ पे? मिटाइए इसे."

ओढणीचं टोक घेऊन प्रेरणा खरंच पुसायला लागली.

"नहीं मिटेगा तो एग्झाम कॅन्सल करना पड़ेगा."

ती आणखी जोरात पुसायला लागली. ओठ दातांखाली धरलेला.

मित्रांनो, यंत्रं जपून वापरा, एवढंच सांगायला मी बसलो होतो. ते राहू द्या. मला कॅमेरा आहे, माईक आहे. सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं, पण माझं मला काही सांगता येत नाही. तुम्हाला तोंड आहे. पुढच्या वेळी पलीकडं पातेलं पडलं, तर तेवढं लक्षात ठेवा.

मल्लव्वाचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला होता. तो तिनं आत घेतला. सुनेच्या हातातली ओढणी सोडवली. माझ्या कॅमेऱ्यात बघून, मेहमुदाभाभींना भिंतीपलीकडं ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली,

"पुसू नगं गं. ते लिवल्यालं न्हाय, बाई. माझ्या लेकानं मारलंय हिला."