गादी आत, मी बाहेर

मी एक निळी गाडी बोलतेय. वय विचारू नका. मागचं दार लाथ घातल्याशिवाय लागत नाही, त्यावरून काय ते समजा. अकरा वर्षं मी दोघी मायलेकींना फुटबॉलच्या स्टेडियमवर नेलं, आणि आतलं गवत हिरवं की पिवळं हे मला आजही ठाऊक नाही. गाड्यांनी बाहेर थांबायचं असतं. आतला गलका भिंतीवरून यायचा, त्यावरून मी गोल मोजायचे.

आत जायची ती गादी.

तिचं खानदान सांगते. माझी मालकीण कपडे शिवते. माझ्या सीटचं कव्हर फाटलं, तेव्हा त्यातला धड तुकडा कापून तिने एक टीचभर गादी शिवली, स्टेडियमच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर बसायला. म्हणजे कापड माझं आणि मिरवणार ही. परतताना माझ्याच सीटवर पसरायची, वर शेंगांची टरफलं सांडायची. मी आतल्या आत जळायचे.

माझं सुख एकच. सामना सुटला की पार्किंगमधून बाहेर पडायला दीड तास. चारशे गाड्या, फाटक एक. लोक हॉर्न बडवत बसायचे. मालकीण मात्र इंजिन बंद करायची, काच खाली घ्यायची आणि मायलेकी बोलायच्या. गणितात उडालेली दांडी लेकीने माझ्यातच कबूल केली. लग्न ठरवलंय, हेही माझ्यातच. दोघींनी समोर बघत बोलायचं असतं ना, एकमेकींकडे नाही, म्हणून जमतं.

मग मेट्रो आली. स्टेशन थेट स्टेडियमच्या फाटकाशी, वीस मिनिटांत घर. गादीला काखोटीला मारून दोघी मेट्रोच्या नादी लागल्या. सवत एक होती, दोन झाल्या. माझ्यावर धूळ साचली. त्या धुळीत कुणीतरी बोटाने चेहरा काढला, तोही हसरा. शेवटी मालकिणीने गॅरेजवाल्याला सांगितलं, "सोमवारी येऊन घेऊन जा बाबा हिला."

आदल्या दिवशी, रविवारी दुपारी सामना होता. लेक सासरहून आली ती म्हणाली, "आई, आज गाडीने जाऊ."

"दीड तास अडकून पडायची हौस आलीये?"

"आलीये."

"मेट्रोला काय काटे फुटलेत?"

"तू किल्ली घे गं."

सामना सुटला, रांग लागली. मालकिणीने सवयीने इंजिन बंद केलं. लेक मांडीवरच्या गादीचा दोरा उसवत बसली होती.

"आई, मी परत तिकडे जाणार नाही."

पुढे चांगली दोन गाड्यांची जागा झाली. मागच्याने हॉर्न दिला. मालकिणीने हात बाहेर काढून त्याला थांबवलं.

"मारतो?"

"नाही. बोलतच नाही. ताट वाढलं की मान हलवतो, तेवढंच."

"आणि हे कधीपासून गिळून बसलीयेस?"

"मेट्रो सुरू झाल्यापासून. उभ्याने, लोकांच्या बगलेखाली काय सांगणार होते?"

मालकिणीने बाहेरचा हात आत घेतला. मग म्हणाली, "उद्या सामान आणू."

तेव्हा लेक रडली. माझ्या सीटला डोकं टेकून रडली असती तर काय बिघडलं असतं? नाही. तोंड खुपसलं ते गादीत. तेवढंही त्या मेलीनं नेलं.

सोमवारी गॅरेजवाला आला. मालकीण दारातूनच म्हणाली, "नाही विकायची. लेकीचं सामान आणायचंय."

"मग संध्याकाळी येऊ?"

"तुला ऐकायला कमी येतं का रे?"

दोन ट्रंका, शिलाई मशीन, पुस्तकांचं खोकं, एक कुंडी. माझ्या स्प्रिंगा करकरल्या, मागचं दार लाथेनेही लागेना, ते दोरीने बांधलं. सीटवर तसूभर जागा उरली नाही. गादी घरी राहिली.

आता दोघी एकाच घरात राहतात, हवं तेव्हा बोलतात, आणि सामन्याला मेट्रोनेच जातात, गादीला घेऊन. मी अजून जळते, खोटं कशाला सांगू? पण विचारा त्या मेट्रोला, कुणाचा मोडलेला संसार तिने कधी उचलून आणलाय का.

माझं मागणं एवढंच. जाता-येता माझ्यावरून एक फडकं फिरवत जा. तो हसरा चेहरा आधी पुसा.