माशीची चौकशी

लाटणं बाल्कनीत काय करत होतं, हे कुणी विचारलं नाही.

चुन्याने कातडी भाजते.

चिपळुणात कूलर कुणी घेत नाही. हवा आधीच ओली, ती आणखी ओली कशाला करायची?

मीणाआंटींच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो. त्यातली सगळ्यात मोठी किल्ली कुठल्याच कुलपाची नाही.

फ्रीजरमध्ये बर्फ नव्हता. मटार होते.

काय गं माशी, तू कुणाची?

*

गौरांग आणि शमिकाच्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. शमिका इस्पितळात भूल देणारी डॉक्टर, तिच्या ड्यूटीला ना धड सकाळ ना संध्याकाळ. गौरांग मूळचा चिपळूणचा, आता उत्तरेकडच्या या शहरात, झालाना भागातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर. आणि अबोली, शमिकाची नऊ वर्षांची लेक. तिचा बाबा, अभिनव, ती पाच वर्षांची असताना गेला.

शमिका ड्यूटीवर निघाली, की अबोली दप्तर उचलायची आणि दुर्गापुऱ्यातल्या त्या घराचा जिना उतरून खाली घरमालकिणीकडे, मीणाआंटींकडे, जाऊन बसायची. "मी खाली आहे," एवढंच सांगायची, तेही दाराकडे बघत. गौरांग घरात असला तरी जायची. तो असला म्हणूनच जाते, असं गौरांगला वाटायचं, आणि त्या वाटण्याचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

एप्रिलमधल्या त्या रविवारी मात्र जेवता जेवता ती म्हणाली, "आज मी वरच थांबते."

शमिकाने चपला घालताना गौरांगला बाजूला घेतलं. "हे बघ, फार लाड करू नकोस. आणि फार गप्पही बसू नकोस."

"मग करू काय?"

"काहीतरी काम काढ. कामात ती बरी असते."

आजचा दिवस नीट गेला तर ती उद्याही वर थांबेल, परवाही थांबेल. नाही गेला तर पुन्हा दप्तर आणि जिना. गौरांगने ऑफिसातल्या कुठल्याही मीटिंगची इतकी धास्ती घेतली नव्हती.

*

काम बाल्कनीतच उभं होतं. लोखंडी कूलर, दिवाळीपासून जुन्या चादरीत गुंडाळलेला.

"मिस्त्री येतो दरवर्षी," अबोली म्हणाली.

"मिस्त्री कशाला? मी आहे ना!"

अबोली दारात उभी होती. हातात लाटणं. गौरांगला वाटलं, असेल काहीतरी खेळ.

"तो पाना दे बरं."

तिने पाना दिला आणि दोन पावलं मागे सरकली. काही बोलण्यासाठी तोंड उघडलं, मिटलं.

"काय गं?"

"कुछ नहीं. मतलब, काही नाही, गौरांगजी."

गौरांगजी! बँकेतल्या साहेबाला हाक मारावी तशी. त्याने हसण्यावारी नेलं, चादर ओढली, स्क्रू सैल केले आणि मागची जाळी एका झटक्यात उपसून काढली. वाळलेल्या गवतात, कोपऱ्याला, मुठीएवढं करडं पोळं लटकत होतं.

पुढचं सगळं आवाजात झालं. जाळी पडली, पाना पडला, अबोली किंचाळली. गौरांगने तिला पोटाशी धरलं, तिच्यावर वाकला, खांद्याने दार ढकललं आणि दोघं आत कोसळली. तरी एका गांधीलमाशीने अबोलीचं कोपर गाठलंच होतं.

*

"श्वास नीट घेतेय?" शमिकाने फोनवर विचारलं.

"रडतेय."

"रडतेय म्हणजे घेतेय. ओठ बघ. सुजलेत? अंगावर गांध्या उठल्यात?"

"नाही. फक्त कोपर. लाल झालंय, आणि..."

"साबणाने धू. बर्फ लाव, फडक्यात गुंडाळून."

"बर्फ नाहीये."

"मटार आहेत ना! पिशवीच ठेव त्यावर. आणि तासभर तिच्याकडे लक्ष दे. आवाज बसला, धाप लागली, उलटी झाली, तर मला फोन करत बसू नकोस, सरळ घेऊन ये. तुला नाही ना चावली?"

"छे."

"गौरांग?"

"नाही गं."

त्याचा उजवा हात टॉवेलखाली होता.

*

तोवर मीणाआंटी धापा टाकत वर आल्या. एका हातात नवऱ्याच्या तंबाखूची चुन्याची डबी, दुसऱ्या हातात जुडगा.

"ततैया था? हाय राम! भैया, कूलर ऐसे खोलते हैं क्या? आपके महाराष्ट्र में कोई बताता नहीं?"

"हमारे यहाँ कूलर ही नहीं होता, आंटीजी."

"तो पंखे के नीचे बैठते! लाओ, चूना लगाती हूँ."

फोन अजून चालूच होता. त्यातून शमिकाचा आवाज आला, मराठीत, भराभर. "चुना नको, भाजेल तिला. पण आंटींना नुसतं नाही म्हणू नकोस, वाईट वाटेल त्यांना. लोखंड घासू दे. त्याने काही बिघडत नाही."

"आंटीजी, डॉक्टर कह रही है, लोहा."

"वही तो मैं कह रही थी," मीणाआंटी म्हणाल्या आणि ती बिनकुलपाची किल्ली कोपरावर गोल गोल फिरवू लागल्या. किल्ली थंडगार होती. अबोलीचं रडणं मुसमुसण्यावर आलं.

आता आपणही काहीतरी करावं, असं गौरांगला फार वाटलं. त्याची आई, चिपळूणला, माशी चावली की कांदा चोळायची आणि चोळता चोळता माशीची चौकशी करायची. कुठली गं ती? कुणाची? जेवून निघाली होती की उपाशीच? डंख उतरेपर्यंत पोराने उत्तरं द्यायची. कांद्याने किती बरं वाटायचं देव जाणे. चौकशीने मात्र हमखास वाटायचं.

तो अबोलीसमोर बसला. "काय गं, कुठली होती ती माशी? नाव काय सांगितलं तिने?"

अबोलीने त्याच्याकडे पाहिलं. "मी काय के.जी.त आहे?"

मग आंटींकडे वळून म्हणाली, "आंटी, आपकी चाबी मैं रख लूँ?"

"रख ले, बेटा. शाम को नीचे आएगी तब दे देना."

शाम को नीचे आएगी. गौरांगने ते ऐकलं. मटाराची पिशवी उलटी करून गार बाजू कोपरावर ठेवली.

*

संध्याकाळी कोपराची आग कमी झाली होती. अबोली सोफ्यावर चित्र काढत होती. गौरांगने वरणभाताचा कुकर लावला. डाव्या हाताने तांदूळ धुतले, डाव्या हाताने गॅस पेटवला. हळदीच्या डब्याचं झाकण मात्र एका हाताने निघेना. त्याने डबा पोटाशी दाबून पाहिला, मग गुडघ्यात धरून पाहिला.

"हात दाखवा."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"काही नाही गं, जरासं..."

"दाखवा ना!"

त्याने टॉवेल काढला. हात पुरीसारखा टम्म फुगला होता. बोटं कुठे सुरू होतात तेही कळत नव्हतं.

अबोली आत आली. त्याला खुर्चीवर बसवलं, साबण आणला, हात धुतला, पुसला. अर्धवट वितळलेले मटार वर ठेवले. मग खिशातून ती मोठी किल्ली काढली आणि घासू लागली. आंटींसारखीच, गोल गोल, जीभ दातांत धरून.

मग तिने मान वर न करता विचारलं, "कुठली होती?"

गौरांगला आधी कळलंच नाही.

"माशी. कुठली होती?"

"कूलरमधली," तो म्हणाला. "मागच्या कोपऱ्यातली."

"जेवली होती?"

"नसावी. फार भुकेली वाटली."

अबोलीला हसू आलं, आणि त्या हसण्यातच तिचे डोळे भरले. किल्ली थांबली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "बाबा आधी लाटण्याने कूलर ठोकायचा. जोरात. 'चलो भई, मकान खाली करो!' असं ओरडायचा आणि पळत आत यायचा. मग आम्ही काचेतून बघायचो. सगळ्या जायच्या, मगच खोलायचा."

गौरांगने घसरलेले मटार डाव्या हाताने सावरले.

"मी लाटणं आणलं होतं. पण दिलं नाही. मला वाटलं, तुम्हाला... मतलब, तुला येतं का बघू. नाही आलं तर..." ती अडखळली. "मग तू माझ्यावर वाकलास, आणि सगळ्या तुलाच चावल्या."

तिला जवळ घ्यावं, असं त्याला वाटलं. पण हात तिच्याकडे होता, आणि तो सोडवून घ्यायची त्याची इच्छा नव्हती.

"नाहीच आलं मला," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी तू ठोक. मी ओरडतो."

"हिंदीत ओरडावं लागतं. इथल्या माश्यांना मराठी नाही येत."

"शिकव मग."

कुकरची शिट्टी झाली. पाठोपाठ खालून मीणाआंटींची हाक आली, "अबोली बिटिया! आ रही है क्या नीचे?"

अबोली किल्ली हातात तशीच धरून बाल्कनीच्या दारापर्यंत गेली. दार उघडलं नाही. काचेला तोंड लावून ओरडली, "नहीं आंटी! मी वर आहे! चाबी कल देती हूँ!"

परत येऊन तिने त्याचा हात मांडीवर घेतला. "हं. आणि नाव काय होतं तिचं?"

*

फेब्रुवारीतल्या लग्नाच्या फोटोत अबोली नाही. सगळे फोटोला उभे राहिले, तेव्हा ती 'मी मागे आहे' एवढंच सांगून हॉलच्या मागे एका मांजराला पनीर घालत होती.