बिजागरीची जाळी

रविवारी दुपारी भाजत आलेली अर्धी कोंबडी निखाऱ्यांत पडली, आणि त्यानंतर घरात कुणाला तोंड उघडायची सोय राहिली नाही.

"जाळी गंजली होती," सासूबाईंनी जाहीर केलं. "कधीची सांगतेय मी."

त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. पण सासूबाई एका मोठ्या हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. वॉर्डातल्या नर्सांना त्यांच्यापुढे उलट बोलायची सवय नव्हती, ती घरात मुलाला आणि सुनेला तरी कुठून असणार? मागच्या अंगणातलं ते गोल पोटाचं, झाकणाचं कोळशाचं ग्रिल म्हणजे तर त्यांचं राज्यच. दर रविवारी त्यांनी भाजायचं आणि बाकीच्यांनी ताटल्या धरून उभं राहायचं.

मुलाने त्याच संध्याकाळी टेपने माप घेतलं आणि फोनवरून नवी जाळी मागवली. ती आली, तेव्हा कळलं की माप त्याने झाकणाच्या बाहेरच्या कडेचं घेतलंय. जी जाळी आत बसायची ती ग्रिलवर टोपीसारखी जाऊन बसली. झाकण लागायचा प्रश्नच नव्हता.

"हरकत नाही, परत पाठवू," तो म्हणाला, आणि तेवढं बोलून त्या विषयातून जो मोकळा झाला तो झालाच.

म्हणजे उरली सून. ती गाडी चालवायला शिकवायची. आठवडाभर परक्यांच्या घामट हातांत स्टिअरिंग देऊन "घाबरू नका, सावकाश" असं गोड आवाजात म्हणायचं, हे तिचं काम. शनिवार उजाडेपर्यंत तिच्याकडचा सगळा गोडवा संपलेला असायचा. हा शनिवार तिने नुसतं लोळायला राखून ठेवला होता.

"मी आवरलंय," सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. "चल."

त्यांच्या डाव्या काखेत जुनी जाळी होती. एकाच वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आणि त्या कागदाला तेल फुटलेलं.

"अहो आई, ती कशाला? माप लिहून घेऊ ना."

"मापाचं काय होतं ते बघितलं आपण."

सुनेने जाळी घेऊन मागच्या सीटवर टाकली. खाली प्लॅस्टिक अंथरायचं राहिलं, हे तिला चौकात पोचल्यावर आठवलं. सोमवारी त्या सीटवर शिकाऊ लोक पांढऱ्या पँटी घालून बसणार होते.

तिची गाडी शिकवण्याची असल्यामुळे शेजारच्या सीटपुढेही ब्रेक होता. सासूबाईंना तो माहीत होता. समोर सायकल दिसली, की त्या ब्रेक दाबायच्या. दूरवर सिग्नल पिवळा होतोय अशी शंका आली, की दाबायच्या. मागच्या गाड्या भोंगे वाजवून शिव्या घालत होत्या.

"आई, पाय मागे घ्या. हात जोडते."

"तू इतक्या जवळ जाऊन थांबतेस. आणि ऐक, बिडाचीच घ्यायची. स्टीलबिल काही कामाचं नाही. बीड उष्णता धरून ठेवतं. कशी छान काळी रेघ उठते मांसावर! हे हल्लीचं पातळ मुलाम्याचं तर बघूच नको."

बिडाचे गुण ऐकत ऐकतच पहिलं दुकान आलं. ते साधं हार्डवेअरचं, खिळे, नळ आणि रंगाचे डबे यांचं. तिथल्या मालकाने कोपऱ्यातून एक चकचकीत जाळी काढून दिली. सासूबाईंनी तिच्या तारेला नखाने टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं.

"यावर रुमाल वाळत घालता येतील."

मालक हसला. सून हसली नाही, कारण ती जाळी तिला नेमकी मापाची आणि घरी जायला अगदी पुरेशी वाटली होती.

दुसरं दुकान गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला, नुसतं ग्रिलचं. काचेच्या भिंतीआड रांगेने गोल ग्रिलं मांडलेली, आणि मधल्या टेबलावर जाळ्याच जाळ्या. विक्रेता एप्रन बांधून उभा होता, जणू आत्ता काही भाजायला घेणार आहे.

"आम्हाला बिडाची हवी आहे," सुनेने दारातूनच सांगून टाकलं. दुसरं काही दाखवायला त्याला वेळच मिळायला नको.

"उत्तम निवड!" विक्रेता म्हणाला आणि दोन्ही हातांनी एक काळीशार, जाड पट्ट्यांची जाळी टेबलावर ठेवली. टेबल दणकलं. "तेल पाजत राहा, जन्मभर टिकेल. उचलून बघा ना."

सासूबाईंनी हात लावला नाही. चष्म्यावरून बघत राहिल्या.

"नको," म्हणाल्या.

"नको?" सुनेला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "अहो, घरापासून इथपर्यंत तुम्ही बीड बीड करताय!"

"ही बरी नाही. कडा बघ कशा आहेत."

"काय झालं कडांना?"

"मला पटत नाही."

विक्रेत्याने दुसऱ्या बनावटीची आणली. तिच्यात फटी फार. तिसरी तुकड्यातुकड्यांत जोडायची होती. ती म्हणे खुळखुळ्यासारखी. मग त्याने जाड स्टीलची आणली, तीही वजनदार. सासूबाईंनी ती बोटाने दोन इंच सरकवली आणि तिलाही नकार दिला. एकाही जाळीला त्यांनी उचलण्याचा मान दिला नव्हता. विक्रेत्याचं हसू आता फक्त ओठांवर राहिलं होतं.

"आई, नेमकं काय हवंय ते एकदा सांगा, म्हणजे मी तेवढं शोधते," सून म्हणाली. आवाज चढतोय हे तिला कळत होतं.

"तुला एवढी घाई असेल तर गाडीत जाऊन बस."

"जाते!"

आणि ती खरोखरच गेली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. गाडीचं मागचं दार उघडून तिने सीटवरचा डाग ओल्या फडक्याने घासायला घेतला. तेल आणखी पसरलं. चिडून तिने जाळी बाहेर काढली, तर तेलात भिजलेला कागद सुटून खाली पडला, आणि जाळी पहिल्यांदाच उजेडात तिच्यासमोर आली.

गंज कुठेच नव्हता. काळपट तेलाखाली लोखंड चांगलं टणक होतं. एका बाजूची गोल कड मात्र आत चेपली होती आणि तिथल्याच गजांचे टाके तुटले होते. उंचावरून फरशीवर आदळल्यासारखी.

तिने मान वर केली. काचेतून सासूबाई दिसत होत्या. विक्रेता आत काहीतरी आणायला गेला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, उजवा हात पुढे केला आणि बिडाच्या जाळीचा कान धरून ती उचलली. जाळी टेबलावरून जेमतेम सुटली आणि खाली पडली. तो आवाज काचेबाहेर आला नाही. सासूबाईंनी मात्र मनगट झटकन छातीशी धरलं आणि डोळे मिटले.

डाव्या काखेतली जाळी. डाव्याच हाताने आडवा ओढून लावलेला सीटचा पट्टा. परवा लोणच्याची बरणी "तूच उघड, झाकण जाम झालंय" म्हणून पुढे सरकवलेली. आणि कोंबडी. कोळसे वाढवायला दर वेळी ती तापलेली जाळी एका हाताने उचलून धरावी लागते, दुसऱ्या हातात चिमटा. बाकीचे ताटल्या आणायला आत गेले होते तेवढ्यात जाळी सासूबाईंच्या हातून सुटली होती.

तिला कणव वाटायला हवी होती. आधी आला तो संतापच. एवढ्यासाठी सबंध शनिवार, दोन दुकानं, तेलाचा डाग! बाईंनी अख्ख्या जन्मात हजारो लोकांची दुखणी काढली, आणि स्वतःचं एक मनगट दुखतंय हे तोंडाने सांगायला यांच्या जिवावर येतं!

ती तरातरा आत गेली.

"वर न उचलता कोळसे घालता येतील अशी आहे का काही?" तिने विक्रेत्याला विचारलं.

"आहे ना." त्याने स्टीलचीच, मध्यम जाडीची एक जाळी आणली. तिच्या दोन्ही अंगांना बिजागरीच्या झडपा होत्या. त्याने चिमट्याने एक झडप वर केली. "इथून कोळसा टाकायचा. जाळी हलवायचीच नाही."

"आळशांची जाळी," सासूबाई म्हणाल्या.

"मग माझ्यासाठीच आहे," सून म्हणाली. "उद्यापासून मी भाजणार."

"तू?" सासूबाईंनी तिला नखशिखांत न्याहाळलं. "तुला स्टोव्ह पेटवायला चार काड्या लागतात."

"म्हणूनच शिकायचंय. का, शिकवणार नाही?"

सासूबाईंनी डाव्या हाताने ती झडप स्वतः उघडून पाहिली, मिटून पाहिली, पुन्हा उघडली.

"बिजागरी तरी धड आहे," त्या म्हणाल्या. "जुनी आण. वर ठेवून माप बघ."

माप तंतोतंत जमलं. जुनी जाळी परत गुंडाळताना सुनेने चेपलेली कड आतल्या बाजूला दडवली.

रविवारी तिची जी परवड झाली ती शत्रूवर येऊ नये. कोळसे पेटेनात. पेटले तेव्हा सगळा धूर तिच्याच डोळ्यांत. जाळी तिने आडवी बसवली, म्हणजे झडपा एकीकडे आणि निखारे भलतीकडे. सासूबाई खुर्चीत बसून, हात स्वेटरच्या बाहीत खुपसून, एकेक हुकूम सोडत होत्या.

"फिरव. कोळशांवर झडप यायला नको? एवढी अक्कल नाही?"

"फिरवतेय ना!"

"झाकण लाव. अगं, भोक तर उघड झाकणाचं! गुदमरवतेस का विस्तवाला?"

"मी मदत करू का?" नवऱ्याने दारातून विचारलं.

"नको!" दोघी एकदम म्हणाल्या. तो आत निघून गेला.

तिने झडप वर केली, चिमट्याने कोळसा आत ढकलला. हात भाजला नाही, काही पडलं नाही. या रविवारी कोंबडीऐवजी आणलेले मासे एका बाजूने काळे झाले, दुसऱ्या बाजूने मात्र झकास रंगले. तेवढ्यात धुराने आणि घामाने तिचा उरलासुरला धीर सुटला, आणि मनात होतं ते वाकडंतिकडं बाहेर पडलं.

"आई, तो हात डॉक्टरला दाखवा. आणि मला काही माहीत नाही असं समजू नका."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. ग्रिलकडेच बघत राहिल्या.

"डावीकडचा उलट आधी. चिकटेल."

तिने उलटला.

"डॉक्टर काय सांगणार ते मला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "पट्टा बांधा, वजन उचलू नका. मी स्वतः शेकडो लोकांना सांगितलंय."

"मग बांधा ना पट्टा!"

"ओरडू नकोस. शेजारी ऐकतात." त्यांनी बाहीतून हात काढून मांडीवर ठेवला. मनगट चांगलंच सुजलेलं होतं. "उद्या तुझी शेवटची शिकवणी कधी सुटते?"

"दुपारी. का?"

"विचारलं. उशीर करू नकोस म्हणजे झालं, दवाखान्यात मग गर्दी होते." मग त्यांनी डाव्या हाताने ताटली पुढे केली. "तो काळा झालेला मला वाढ. पोरगा नावं ठेवेल."