धाकट्यांना माघारी सोडणारी चाळण

मी एक जुनी चाळण आहे. तुमच्या स्वयंपाकघरातली, पिठाची नव्हे. माझी चौकट लाकडाची, जाळी जाड तारेची आणि जन्म खाडीच्या चिखलासाठी. सध्या मी दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते. दार उघडे असले की मला खाडी दिसते. पाणी चढते, पाणी उतरते. मला मात्र त्याला शिवता येत नाही. का, तेच सांगायचे आहे, मित्रांनो.

मला आबांनी घडवले. ते सुतार होते. घरात नवी सून आली, तेव्हा त्यांनी आधी तिचा पंजा नीट पाहून घेतला आणि मग तिच्या मुठीत बसतील अशा माझ्या कडा तासल्या. जाळी ठोकताना म्हणाले, "सूनबाई, हिच्यात राहील ते आपलं. हिच्यातून गळेल ते समुद्राचं. त्यावर डोळा ठेवायचा नाही."

तिने तो शब्द कधी मोडला नाही. तिचा दीर तिला वहिनी म्हणायचा, म्हणून सगळा किनारा तिला वहिनीच म्हणू लागला. ओहोटी लागली की वहिनी मला काखेत मारून चिखलात उतरायची. दाताळ्याने चिखल ओढायची, माझ्यात ओतायची आणि मला पाण्यात झुलवायची. गाळ निघून जाई. मोठ्या शिंपल्या माझ्या अंगावर खुळखुळत. धाकट्या माझ्यातून अलगद खाली उतरत. मग वहिनी गुणगुणायची:

मोठे, माझ्या टोपलीत, तुझी भरली घटका,
धाकटे गं, घरी जाई, तुझी झाली गं सुटका.

या सोडलेल्या धाकट्याच पुढे मोठ्या होऊन परत येत. घराची चूल त्यांच्यावर चाले. बाजारात बायका म्हणत, "वहिनीच्या शिंपलीत वाळूचा कण सापडायचा नाही." ते कौतुक ऐकून मी ओल्या अंगानेच फुलून जायची.

हा दीर, म्हणजे वहिनीचे भाऊजी, पलीकडच्या धक्क्यावर कामाला होते. जहाजे आली की त्यांचे दोरखंड खुंट्यांना बांधायचे. येताना जहाजे रिकामी असत, जाताना खडी भरून जात. एकदा भाऊजी चहाला आले आणि पाय पसरून म्हणाले, "वहिनी, पाहुणा आला की पाणी आपण देतो ना? हे पाहुणे आपलं पाणी घरून आणतात! रिकामं जहाज लाटांवर डुलतं, म्हणून पोटात पाणी भरून निघायचं. इथं माल चढायला लागला की धो धो सोडून द्यायचं."

"बरे आहेत की मग तुमच्यापेक्षा," वहिनी म्हणाली. "तुम्ही तर हात हलवत येता आणि साखरेचा डबा रिकामा करून जाता."

दोघे पोट धरून हसले. मीही कोपऱ्यात ठिबकत हसले असेन. दूरच्या बंदरातले ते पाणी आमच्या खाडीत पडत होते आणि त्यात डोळ्यांना न दिसणारी पिल्ले होती. हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हते.

पुढे एका ओहोटीला माझ्या जाळीवर एक वेगळीच शिंपली आली. नखाएवढी, हिरवट, अंगावर तपकिरी नक्षी. वहिनीने ती तळहातावर घेतली. "कुणाची गं तू? किती नाजूक!" म्हणाली. आणि धाकटी म्हणून तिला सोडून दिली.

मग तशा पुष्कळ येऊ लागल्या. पातळ कवचाच्या, कधीही मोठ्या न होणाऱ्या. त्या फुटू नयेत म्हणून वहिनी मला आणखी हळू झुलवायची. धाकट्यांना घरी पाठवायचे, एवढेच तिला ठाऊक. हे त्यांचे घरच नव्हे, हे तिला कोण सांगणार? आणि माझी भोके तर आपले-परके ओळखत नाहीत. जे मावेल त्याला ती वाट देतात.

त्या नाजूक पाहुण्या अंगातून धागे काढत. एकीचा धागा दुसरीला, दुसरीचा तिसरीला. बघता बघता चिखलावर त्यांची चटई विणली गेली. एक दिवस वहिनीचे दाताळे चिखलात शिरेचना. तिने जोर लावून चटई उचकटली. खाली काळा, घाण वास येणारा गाळ होता आणि आमच्या शिंपल्या तोंडे उघडून मरून पडल्या होत्या. वहिनी गुडघाभर चिखलात तशीच उभी राहिली. भरती मांड्यांना लागली तरी हलली नाही.

तेव्हा भाऊजींची लेक शिकून घरी आली होती. जहाजातले पाणी सोडण्याआधी तपासायचे, हे तिचे काम. तिने ती चटई पाहिली आणि खालीच बसली.

"काकू, हे जहाजांच्या पाण्यातून आलंय. ते पाणी भर समुद्रात बदलून यायला हवं. नाहीतर जहाजावरच बारीक गाळणीतून काढून, आतले जीव मारून मगच सोडायला हवं. आता आम्ही तसं करायला लावतो. पण तेव्हा कुणी विचारलंच नाही."

"आणि मी सोडत होते त्या?" वहिनीने विचारले.

"तू सोडल्यास त्या ओंजळभर गं. जहाजांनी सोडल्या त्यांना गणतीच नाही."

"पण ओंजळ माझीच ना?"

भाऊजी आपल्या हाताच्या घट्ट्यांकडे बघत बसले. त्याच हातांनी त्यांनी ती जहाजे धक्क्याला बांधली होती.

टेकडीपलीकडे एक लहान खाडी आहे. तिथे जहाजे जात नाहीत. तिथे आमच्या जातीच्या शिंपल्या अजून आहेत. भाऊजी म्हणाले, "वहिनी, चला. तिकडे नव्याने सुरुवात करू." वहिनीने टोपली घेतली, दाताळे नवे घेतले आणि मला काखेत मारले. माझे लाकूड आनंदाने करकरले.

उंबऱ्यावर ती थांबली. मला उजेडात धरले. माझ्या जाळीच्या कोपऱ्यात, आबांनी सांधा ठोकला होता तिथे, एक ओला धागा होता. धाग्याला मोहरीएवढे, हिरवट काहीतरी लटकत होते.

ती परत फिरली आणि मला खिळ्याला टांगले.

"अहो, आबांची चाळण ना ती!" भाऊजी म्हणाले.

"म्हणूनच," वहिनी म्हणाली.

तो धागा केव्हाच वाळून गळून पडला. मी हाडासारखी कोरडी झाले. आता मी पाण्यात उतरले तरी कुणाचे वाईट होणार नाही. पण वहिनीचा हात पुन्हा माझ्याकडे वळला नाही. ती तिकडे हातानेच शिंपल्या वेचते. जाता-येता माझ्या कडेवरून एकदा बोट फिरवते. गात मात्र नाही.

मित्रांनो, मला अडगळ समजू नका. मला टाकलेले नाही, थांबवलेले आहे. त्या जहाजांनाही कुणीतरी वेळेवर असेच उंबऱ्यावर थांबवून उजेडात धरले असते, तर आमची खाडी आज खुळखुळत असती. तुम्ही मोठे व्हाल, जहाजे चालवाल, बंदरे सांभाळाल. निदान एखादी होडी, एखादी बादली, एखादे जाळे तरी एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात न्याल. नेण्याआधी त्याचे कोपरे पाहा. ते धुवा, उन्हात पुरते वाळू द्या.

बाहेर ओहोटी लागली आहे. वहिनी टेकडीकडे निघाली आहे. माझ्या कडा अजून तिच्याच पंजाच्या मापाच्या आहेत.