ओला माळा

लेकीच्या लग्नात तात्यांनी तिला दुसरं काही दिलं नाही, पोटमाळा बांधून दिला. जावयाचं घर म्हणजे एकच खोली. त्यात अंथरुणाला खिळलेल्या विहीणबाई आणि धुलाईचा धंदा. नव्या जोडप्यानं पाठ टेकायची कुठं? तात्यांचा जन्म बांबूकामात गेलेला. त्यांनी जून, सावलीत वाळवलेले बांबू निवडले, एकेक ठोकून पाहिला आणि खणखणीत वाजला तोच घेतला. माळा झाल्यावर स्वतः वर चढून उड्या मारून दाखवल्या.

"व्याही, पुरे आता," विहीणबाई खाटेवरून ओरडल्या, "खाली याल ते माझ्याच अंगावर!" सगळे पोट धरून हसले.

पुढं जावयाला दवाखान्याच्या चादरी धुवायचं काम लागलं. दाराबाहेर लगेच गटार, म्हणून दोऱ्या घरातच, माळ्याखाली बांधल्या. पावसाळ्यात चादरी दिवसेंदिवस टपकत राहायच्या. वर इस्त्रीची वाफ. भिंतीला टेकावं तर पाठ ओली.

बऱ्याच महिन्यांनी तात्या आले ते दारातच थबकले. माळा मधोमध खाली झुकला होता. त्यांनी मधल्या बांबूवर बोटं आपटली. आवाज बद्द आला, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा.

"पोरी, हा बांबू पाणी प्यालाय. ओल मुरली की त्याचा जोर जातो. वजन तेवढंच असलं तरी वाकतच राहतो. वर झोपू नका."

"मग कुठं झोपू तात्या? आईंच्या खाटेखाली?"

"निदान चादरी तरी बाहेर वाळवा."

"पावसात?"

इस्त्री न थांबवता जावई म्हणाला, "तुमचं खरं आहे हो. पण हे काम सोडलं तर चूल पेटायची नाही."

तात्यांना त्याचा रागही येईना. त्यांनी टेकू आणून लावले. फरशीच्या ओलीनं टेकूंच्या बुडख्यांना काळी बुरशी धरली. माळा वाळवायला खाली शेगडी पेटवून पाहिली, तर धुरानं विहीणबाईंचा खोकून खोकून जीव जायची वेळ आली. मधले दोन बांबू बदलले. तेही त्याच वाफेत भिजले. शेवटी त्यांनी हात टेकले.

"माळा उतरवूनच टाकतो."

"एवढा पावसाळा जाऊ द्या," लेक म्हणाली. "ऊन पडलं की वाळेल ना?"

कुजला नसेल तर वाळल्यावर बांबूचा जोर परत येतो, हे तात्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी माळा तसाच राहू दिला.

ऊन काही पडलं नाही. एका दुपारी दोऱ्यांवर जागा उरली नाही, म्हणून लेक ओल्या चादरींचं गाठोडं घेऊन वर चढली. काडकन असं काही मोडलंच नाही, जावई नंतर पुन्हा पुन्हा सांगत राहिला. नुसतं करकरलं आणि सगळं खाली बसलं. तिची पाठ इस्त्रीच्या टेबलाच्या कडेवर आदळली. कमरेखालची ताकद परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

घरी आणल्यावर तिची खाट सासूच्या खाटेला लागून टाकली. तात्या उशाशी बसले.

"माझ्याकडं चल. माझी खोली कोरडी आहे."

"आईंना कोण बघेल?"

"आता तू काय बघणार आहेस?" तात्या बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. लेकीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. विहीणबाईंनी पदर तोंडात धरला.

जावई चादरींचं नवं गाठोडं घेऊन आला. बादलीत बुडवलेली पहिली चादर त्यानं उचलली. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. तो तसाच उभा राहिला. मग तात्या उठले. त्यांनी टोक धरलं, पीळ घातला.

"नीट झटका, तात्या," लेक भिंतीकडं बघतच म्हणाली. "नाहीतर चुण्या पडतात."

त्यांनी झटकली. थेंब तिच्या पांघरुणावर उडाले, पायांवरही. तिला कळलं नाही.